सातव्या पानावरची खूण

"पोर मेलं तर आईला निरोप जातो, आई मेली तर पोराला कुणीही येऊन सांगत नाही," मरुदाचलम एकदा म्हणाले होते.

म्हणाले तेव्हा त्यांच्या मांडीवर ताकभाताचा डबा होता आणि गोष्ट कुणाच्या घरची नव्हती, प्रोग्रॅमची होती. तेनमोळीला त्या कंपनीत लागून चार दिवस झाले होते. मोठा प्रोग्रॅम स्वतःच्या कामासाठी एक छोटा मदतनीस जन्माला घालतो. मदतनीस मध्येच बंद पडला तर यंत्रणा मोठ्याला तसं कळवते. मोठाच बंद पडला तर मदतनिसाला कळवायची मात्र रीत नाही; तो शेवटचा हुकूम उराशी धरून काम करत राहतो. हे सगळं तिनं कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण कुणी जेवता जेवता, असं भाताकडे बघत, ते सांगितलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

"मग पोरानं काय करायचं, अण्णा?"

"विचारत राहायचं." त्यांनी लोणच्याची फोड बोटानं भाताखाली सारली. "दर दोन सेकंदांनी. माझी आई कोण, माझी आई कोण. आई गेली असेल तर यंत्रणा पोराला नंबर एकच्या ओटीत टाकते. प्रत्येक प्रोग्रॅमला उठताना नंबर मिळतो; नंबर एक म्हणजे सगळ्यांच्या आधी उठलेला, सगळ्यांचा मूळपुरुष. उत्तर 'एक' आलं की पोरानं समजून घ्यायचं. पंप बंद करायचे, झडपा मिटायच्या आणि आपणही निघायचं."

"रडायचं नाही?" पलीकडच्या टेबलावरून इसक्कीमुत्तूनं विचारलं. इसक्की तिरुनेलवेलीकडचा, त्याला दुसऱ्याच्या बोलण्यात पाय घातल्याशिवाय जेवण पचत नसे.

"रडायचा वेगळा प्रोग्रॅम लागतो. तो तू लिही. तेवढा तरी एक तुझ्या हातून पुरा होईल."

कंपनी कोइमतूरच्या पीळमेडूला, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर, दोन मजल्यांत. माणसं चौदा. काम एकच: सूतगिरण्यांतला ओलावा सांभाळणाऱ्या यंत्रांना अक्कल पुरवणं. शेडमधली हवा कोरडी झाली की सूत तुटतं, फार ओली झाली की कापूस रुळांना गुंडाळून बसतो. या दोहोंमधली वाट अरुंद असते. मोठा प्रोग्रॅम भिंतीवरच्या मापकांकडे बघून किती पाणी फवारायचं ते ठरवायचा आणि मदतनीस पंप चालवायचा. मदतनीस मरुदाचलम यांनी लिहिला होता, पंधरा वर्षांपूर्वी, आधी कागदावर पेन्सिलीनं.

त्यांना ही वाट पायाखालची होती. विसाव्या वर्षापासून ते सिंगानल्लूरच्या एका गिरणीत ओलाव्याच्या प्लँटवर होते. शेडच्या मागे तळ्याकाठी एक दगडी खोली, तिच्यात पंखे, पंप आणि दोन माणसं. पाळी सुरू व्हायच्या दोन तास आधी यायचं, शेडला दमट करून ठेवायचं. मुख्य फाटकाशी त्यांचा संबंध नसे. तळ्याकडच्या लहान दरवाजानं आत शिरायचं आणि तिथूनच बाहेर पडायचं. एका शुक्रवारी गिरणी बंद झाली. मालकांच्या घरात तंटा लागला होता. मुख्य फाटकावर कागद चिकटवला गेला, हजार माणसांनी तो वाचला, काही रडले, काही शिव्या देऊन घरी गेले. तळ्याकडच्या दरवाजावर कागद लावायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. शनिवारी मरुदाचलम आणि त्यांचा जोडीदार नेहमीच्या वेळी आले, पंखे लावले, पंप लावले. त्या खोलीत स्वतःच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नसे. दीड दिवस ते मोकळ्या शेडमध्ये दमट हवा सोडत होते. रविवारी दुपारी जोडीदारानं काही विचारायला म्हणून शेडचा दरवाजा उघडला. सूत काढणारे साचे बंद उभे, माणूस एक नाही, छतातून थेंब गळतायत.

ही गोष्ट ते कधी रंगवून सांगत नसत. नव्या माणसाला एकदा सांगत आणि शेवटी म्हणत, "चूक कुणाची नव्हती. प्रत्येकाला वाटलं, त्यांना दुसऱ्यानं सांगितलं असेल."

निघताना त्यांनी त्या खोलीतून एक कोरी नोंदवही उचलून आणली. तेवढीच त्यांनी आयुष्यात केलेली चोरी. पुढं वरदराजुलुंनी कंपनी काढली. त्यांना ओलाव्याच्या प्लँटचा श्वास ओळखणारा माणूस हवा होता. मरुदाचलम वायरी जोडायला लागले आणि तरुण इंजिनिअरांच्या खांद्यावरून बघत बघत, शब्दकोश मांडीवर घेऊन, दिवसाला एक पान या वेगानं शिकत गेले. पहिला प्रोग्रॅम लिहिला तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. तो चालला त्या दिवशी मरुदमलैच्या डोंगरावरच्या देवळात पायऱ्या चढून गेले. ज्या देवाचं नाव लावलं त्याला सांगायला नको का, म्हणाले.

त्या चोरीच्या वहीत ते एक निराळीच गोष्ट लिहीत. प्रोग्रॅम काय करतो हे नव्हे. ते सगळेच लिहितात. प्रोग्रॅम कशाच्या भरवशावर आहे, ते लिहीत. एका प्रोग्रॅमला एक पान. मूळ रकाने होते वेळ, कोरडा पारा, ओला पारा. त्यांत ते भरवसा, कारण आणि तपासल्याची तारीख भरत. आणि आयुधपूजेच्या दिवशी, जेव्हा बाकी सगळं कोइमतूर आपापल्या पान्या-हातोड्यांना चंदन-कुंकू लावून त्यांना एक दिवसाची सुट्टी देतं, तेव्हा कीबोर्डांना गंध लागलं, पूजा झाली, चुरमुरे आणि चण्याचं सुंडल वाटलं गेलं की मरुदाचलम वही उघडून मोठ्यानं वाचू लागत. अवजारं शांत असतात तेव्हाच त्यांच्याबद्दल खरं बोलता येतं, असं त्यांचं म्हणणं. एकेक भरवसा वाचायचा. ज्याच्याकडे तो प्रोग्रॅम असेल त्यानं "हो, अजून तसंच आहे" किंवा "नाही" म्हणायचं. मग ते पेन्सिलीनं खूण करत आणि शेजारी सांगणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहीत.

सगळ्यांना ती एक गंमत वाटे. इसक्की प्रत्येक भरवशाला भजनातल्यासारखा "हो सामी" म्हणून सूर लावी. वरदराजुलु घड्याळ बघत. "अण्णा, देव कंटाळला," ते म्हणत.

"देवाला दुसरं काम काय आहे आज?"

तेनमोळीला लागून काही वर्षं झाली तेव्हा, हे प्रोग्रॅम ज्यांच्यात चालत त्या जुन्या पेट्या बाजारात मिळेनाशा झाल्या. नव्या पेट्यांवर नवी यंत्रणा होती. ऑपरेटर स्वतःच्या नावानं आत शिरणार आणि पडद्यावरून प्रोग्रॅम सुरू करणार. जुनं सगळं नव्यावर न्यायचं काम खरं मरुदाचलम यांचं. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेसाठी ते पाच आठवडे रजेवर गेले. काम तेनमोळीनं केलं आणि चांगलं केलं. वरदराजुलुंनी तिला विभागाची प्रमुख केलं. त्या चौदा माणसांत प्रमुख झालेली ती पहिली बाई. घरी सासऱ्यांनी विचारलं, "म्हणजे आता घरी अजून उशिरा येणार?" आणि तिनं त्यावर हसून घेतलं होतं.

आयुधपूजेच्या दिवशी मरुदाचलम परत आले. नव्या डोळ्यानं त्यांना सगळंच फार निळं दिसत होतं. वही नेहमीपेक्षा लांब धरून ते वाचत होते.

"सातवं पान. ओलाव्याचा मदतनीस. भरवसा पहिला: आई गेली की पोर नंबर एककडे जातं." ते थांबले. "नव्या पेटीतही तसंच आहे का, अम्मणी?"

ते सगळ्या मुलींना अम्मणी म्हणत, तिकडच्या जुन्या माणसांसारखे. तेनमोळीचा उजवा हात चुरमुऱ्यांत होता, डाव्या हातात फोन. शाळेत नवरात्राच्या बाहुल्या मांडल्या होत्या, त्यांच्यासमोर रेशमी परकरात उभ्या असलेल्या लेकीचा फोटो तेवढ्यात आला होता. पोरीनं एक डोळा मिटला होता.

"हो अण्णा, तसंच आहे," ती म्हणाली.

"हो सामी," इसक्कीनं ओढलं.

ती खोटं बोलली नव्हती. ते वेगळं असू शकतं हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं काहीच तपासलं नव्हतं, आणि तपासलं नाही हेही तिला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. मरुदाचलम यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, खूण केली, शेजारी 'ते' लिहिलं आणि पान उलटलं.

पोंगलची सुट्टी संपून गिरण्या सुरू झाल्या, त्या आठवड्यात मंगळवारी अविनाशी रस्त्यावरच्या एका गिरणीतून फोन आला. दुपारी दोनच्या आधी मोठा प्रोग्रॅम बंद पडला होता. का पडला ते फारसं महत्त्वाचं नव्हतं; प्रोग्रॅम पडतात. ऑपरेटर चहाला गेला होता, आला तेव्हा पडदा काळा बघून विजेच्या माणसाला शोधत फिरला. तिन्ही पंप चालू होते. दोन तास चाळीस मिनिटं ते चालू राहिले. शेडमध्ये धुकं साचलं, कापूस रुळांना गुंडाळला, फरशीवर पाण्याची साय धरली. मरगदम नावाची बाई गुंडाळलेला कापूस काढायला साच्याच्या टोकाकडे धावली आणि पडली. उजवं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेनमोळी आणि इसक्की तिथं गेले. मदतनिसाची स्वतःची नोंद पेटीत शाबूत होती. पोरानं शिकवल्याप्रमाणे दर दोन सेकंदांनी विचारलं होतं आणि उत्तर लिहून ठेवलं होतं. माझी आई कोण? २०१६. माझी आई कोण? २०१६. दुपारी एक बावन्नला उत्तर बदललं. १३८८. मग १३८८, १३८८, १३८८, पडदा सरकवत राहिलं तरी तेच.

"हा तेराशे अठ्ठ्याऐंशी कोण बुवा?" इसक्कीनं विचारलं.

तिला कळायला वेळ लागला नाही. कळलं तेव्हा तिनं पडद्यावरून हात काढून घेतला. "कारभारी. नव्या यंत्रणेत ऑपरेटर आत शिरला की त्याच्यामागे एक उभा राहतो. अनाथ पोरं आता तोच पदरात घेतो. नंबर एकपर्यंत जाऊच देत नाही."

"भला माणूस दिसतोय."

"मदतनिसाला फक्त 'एक' ओळखायला शिकवलंय."

"म्हणजे आई बदलली ते त्याला दिसत होतं."

"दिसत होतं. लिहूनही ठेवत होता."

इसक्की पडद्यापासून मागे सरकला; त्याला आयुधपूजेचे चुरमुरे आठवले होते. तिनं मदतनीस दुरुस्त केला. जन्मतानाच आईचा नंबर लक्षात ठेव. तो बदलला, कशातही बदलला, की पंप बंद कर. दोन ओळी. घड्याळात बघितलं तर अकरा मिनिटं झाली होती.

बाहेर पडताना गिरणीतल्या दवाखान्याच्या बाकावर मरगदम बसलेली दिसली. हात गळ्यात, दुसऱ्या हातात कागदी कपातला चहा. तेनमोळी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काय म्हणावं हे न सुचून म्हणाली, "आमच्या पंपानं झालं ते."

"पंपाचं मला काय कळतंय, बाई?" मरगदम म्हणाली. "फरशी ओली होती, पाय माझा होता. बघून चालायला हवं होतं." मग जरा सरकून तिनं बाकावर जागा केली. "बसा की. तुमचाच चेहरा पडलाय."

तेनमोळी बसली नाही.

संध्याकाळी कंपनीखालच्या चहाच्या टपरीवर मरुदाचलम उभे होते. ते रोज तिथं उभे राहत, साडेपाचला, साखर कमी सांगून. इसक्कीनं त्यांना फोनवर सगळं सांगितलेलं होतं.

"कळलं," ते म्हणाले. "मी 'ती एक आहे का' एवढंच विचारत आलो. 'ती तीच आहे का' असं विचारायला हवं होतं. एवढ्या वर्षांत सुचलं नाही. जुन्या पेटीत चाललं, म्हणून सुचलं नाही."

"जुन्या पेटीत बरोबरच होतं, अण्णा."

"तुझं दोन ओळींत झालं, नाही?"

"हो."

ते हसले. हसणं खरं होतं; त्यात कौतुकही होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही. "अण्णा, आयुधपूजेच्या दिवशी मी..."

"खूण आहे माझ्याकडे," ते म्हणाले. आवाज चढला नाही की उतरला नाही. साखर कमी आहे म्हणावं, तसं ते म्हणाले.

टपरीवाल्यानं एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात चहा लांब ओढला. उद्या गिरणीचे मॅनेजर येणार होते. काय झालं आणि कुणामुळे, हे त्यांना लिहून हवं होतं. मरुदाचलम यांची नोकरी जूनपर्यंतच होती. निवृत्तीनंतरही आठवड्यातून तीन दिवस यायचं, असं वरदराजुलुंनी त्यांना तोंडी कबूल केलं होतं. घरी बसून काय करू, असं ते पोंगलच्या आधीच सगळ्यांना म्हणून झाले होते.

"वही उद्या आणणार का?" तिनं विचारलं.

विचारलं आणि त्या प्रश्नाची तिला लाज वाटली. आज त्याला सात वर्षं झाली. तो 'हो' तिनं स्वतःला कधीतरी माफ केला, निष्काळजीपणा म्हणून. हा प्रश्न तिला माफ करता आलेला नाही. त्यात तिचा अख्खा हिशोब भरलेला होता: वही येणार असेल तर मी आधीच बोलते, येणार नसेल तर बघू.

मरुदाचलम यांनी कप टोपलीत टाकला. "वही मी रोजच आणतो, अम्मणी," ते म्हणाले, आणि बस गाठायला गेले.

बैठक वरच्या मजल्यावर होती. चपला बाहेर, काचेच्या दाराशी. आत पाच माणसं: वरदराजुलु, गिरणीचे मॅनेजर कुप्पुराज, इसक्की, तेनमोळी आणि दारापाशी खुर्ची ओढून मरुदाचलम. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर वही, वहीवर हात. पाना उचलणाऱ्या माणसाचा हात, एक नख कायमचं काळं.

कुप्पुराज वाईट माणूस नव्हता. त्याला वरच्या माणसांना दाखवायला एक कागद हवा होता. "मला तुमचं ते पोर-आई काही सांगू नका," तो म्हणाला. "चुकलं कुठं, एवढं सांगा."

वरदराजुलुंनी भिंतीवरच्या पडद्यावर ती ओळ आणली. तिच्या शेजारी नाव आणि साल होतं. मरुदाचलम प्रत्येक ओळीशेजारी सही करावी तसं नाव लिहीत. लपवण्यासारखं काही लिहीतच नाही, तर नावाला काय भ्यायचं, असं त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

"ही तुमची ओळ, अण्णा."

"माझी."

"नव्या पेटीत ती लागू पडत नाही."

"नाही पडत."

"मग नेताना कुणी तपासलं नाही का?" हा प्रश्न वरदराजुलुंनी कुणा एकाला विचारला नव्हता. तो टेबलाच्या मधोमध येऊन पडला.

"मी विचारलं होतं," मरुदाचलम म्हणाले.

"कुणाला?"

त्यांनी तेनमोळीकडे पाहिलं. तो आरोप असता तर तिला सोपं गेलं असतं. आयुधपूजेला पान वाचून झाल्यावर बघत तसं ते बघत होते, पेन्सिल टेकवून, उत्तरासाठी थांबलेले.

तिनं गप्प बसायचं ठरवलं नव्हतं. हे तिनं नंतर स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते खरं आहे की घासून खरं झालं आहे, हे तिलाही सांगता येणार नाही. वाक्य तयार होतं. मला विचारलं होतं, मी न बघता हो म्हटलं. आठ शब्द. पण आधी कुप्पुराज खोकला, त्याचं होऊ द्यावं असं वाटलं. मग पंख्यानं टेबलावरचा कागद उडाला, तो इसक्कीनं धरला. मग तिला वाटलं, जूनला ते जाणारच आहेत, आणि असं वाटलं म्हणून स्वतःचीच शिसारी आली, आणि शिसारी आवरण्यात आणखी काही क्षण गेले. ती पडद्यावरच्या ओळीकडे बघत राहिली, जणू उत्तर तिथं येणार होतं. इसक्कीलाही सगळं माहीत होतं. तो तिच्या हाताखाली होता. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग आपली नखं बघू लागला.

"अण्णा, तुम्ही विचारता ते तुमच्या वहीला," वरदराजुलु शेवटी म्हणाले. वातावरण हलकं करावं एवढाच त्यांचा हेतू असावा. "चुरमुरे खाताना. त्याला काय तपासणं म्हणायचं?"

कुप्पुराज हसला. "देवाला विचारलं असेल. देव हो म्हणाला असेल."

"पाहुण्यांना कागद द्यायचाय," वरदराजुलु म्हणाले. "मी लिहितो, जुनी ओळ होती, लिहिणाऱ्याची चूक. तुमची हरकत नाही ना? नाहीतरी जूनला... तोवर तुम्ही आरामच करा. डोळ्यालाही बरं."

त्या 'आराम करा'त आठवड्याचे ते तीन दिवसही गेले. ते सगळ्यांनाच कळलं.

वही तिथंच होती. सातवं पान उघडायला त्यांना अंगठ्याची एक हालचाल पुरली असती. तारीख होती, खूण होती, 'ते' होतं. तेनमोळी त्या अंगठ्याकडे बघत होती. त्यांनी वही उघडावी अशी तिची तेव्हा खरोखरच इच्छा होती. उघडली असती तर ती म्हणाली असती, हो, माझंच. इतकी वर्षं ती या एका गोष्टीला धरून आहे, की उघडली असती तर ती नक्की बोलली असती. आणि दर खेपेला तिला त्याच जागी ठेच लागते: त्यांनी पुरावा दाखवण्याची वाट तिनं बघितली, आणि ते तिनं आपणहून सांगण्याची.

पुढं एकदा ती सुलूरला त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. हातात फळांची पिशवी होती. लांबून ते दिसले. ओट्यावर बसून कुणाच्या तरी शिवणयंत्राची मोटार उघडत होते, डोळ्याजवळ नेऊन, मग लांब धरून. ती गल्लीच्या तोंडावरच्या देवळात फळं ठेवून परत आली. कंपनीत आयुधपूजेला चंदन-कुंकू लागतं, सुंडल वाटलं जातं, आणि मग लोक घरी जातात. मध्येच एका वर्षी सवयीनं कुणीतरी "हो सामी" म्हणालं. इसक्की नव्हता तो. इसक्की त्याच वर्षी नोकरी सोडून गेला होता.

पण त्या दिवशी बैठकीत अजून हे काहीच झालेलं नव्हतं. अजून वेळ होता. वरदराजुलु कागदावर लिहीत होते, कुप्पुराज त्यांच्या खांद्यावरून वाचत होता आणि मरुदाचलम तेनमोळीकडेच बघत होते. किती वेळ बघितलं असेल? दोन सेकंद. चार. सहा. मग त्यांनी नजर काढून घेतली, हळूच, झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून हात काढून घ्यावा तशी.

त्यांनी वही पिशवीत घातली. तिच्यावर जेवणाचा डबा ठेवला, डबा कलंडू नये म्हणून खाली टॉवेल सारला. खुर्ची जिथून ओढली होती तिथं भिंतीशी नेऊन लावली. काचेचं दार उघडलं, चपला शोधल्या. नवा डोळा असूनही आधी दुसऱ्याच्याच पायात सरकवल्या, मग काढून स्वतःच्या घातल्या. दार आपसूक मिटायला जड होतं, ते त्यांनी बाहेरून हातानं लावून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून. जिन्यावर त्यांची पावलं रिवाइंडिंगच्या दुकानातल्या घरघरीत मिसळेपर्यंत ऐकू येत होती, आणि तेनमोळीच्या तोंडात ते वाक्य तयार होतं.